घराची चतुःसीमा

घरात वाळवी शिरली आहे हे मला प्रथम कळले ते एका खरेदीखतामुळे. आजोबांनी १९३८ साली घेतलेल्या परसाच्या जागेचे ते खत माजघरातील आंब्याच्या फळ्यांच्या पेटीत वर्षानुवर्षे सुखरूप असल्याचा आम्हां सर्वांचा समज होता. एका वैशाखात काही कामासाठी पेटी उघडली, तेव्हा वरचा मुद्रांक जसाच्या तसा, खालच्या सह्या आणि साक्षीदारांची नावे जशीच्या तशी, परंतु पूर्वेस अमुक, दक्षिणेस तमुक अशी जागेची चतुःसीमा ज्यात लिहिलेली होती तो मधला भाग पार नाहीसा झालेला, आणि त्याच्या जागी ओलसर तांबड्या मातीचा एक पातळ थर पसरलेला आढळला.

पेटी पुढे ओढली तेव्हा भिंतीवर शिसपेन्सिलीपेक्षाही बारीक अशी मातीची एक नळी जमिनीपासून पेटीच्या तळापर्यंत चढलेली दिसली. तिचा माग काढीत मागील दारी गेल्यावर सारा उलगडा झाला: विहिरीच्या दुरुस्तीतून उरलेली माती तीन वर्षांपूर्वी कोणीतरी जोत्याला टेकवून ठेवली होती, तिच्यावर दर पावसाळ्यात पागोळ्यांचे पाणी पडत होते, आणि त्या ओलीतून ही वाट भिंतीत शिरली होती. वाळवीने तिच्या जातीला साजेल तेच केले होते. हयगय आमची होती. तेव्हापासून माझ्या मनात एक गोष्ट पक्की बसली आहे आणि हा लेख तिच्याच विस्तारासाठी लिहीत आहे: घराचे किडीपासून रक्षण करावयाचे ते कीड दिसण्यापूर्वीच्या कोरड्या महिन्यांत, आणि त्याचा आरंभ करावयाचा तो घरमालकाने आपल्या चतुःसीमेवरून स्वतःच्या पायांनी फेरी घालून.

आपल्याकडे होळीपासून मृगापर्यंतचे तीन महिने या कामासाठी जणू राखूनच ठेवलेले आहेत. ७ जूनच्या सुमारास मृग लागतो आणि त्याच्या आगेमागे कोकणात पाऊस येतो. एकदा तो आला म्हणजे ना लाकूड वाळत, ना भिंतीचा गिलावा सुकत, ना धान्याला ऊन देता येत. चैत्र-वैशाखात मोहराचा वास, करवंदांचे घोस आणि कोकिळेचा स्वर यांनी मन भरलेले असते, त्यामुळे किडीचा विचार सुचत नाही. परंतु याच दिवसांत वाळवीची वारुळे जमिनीखाली भरत असतात, डासांची अंडी कोरड्या भांड्यांच्या कडांना चिकटून पाण्याची वाट पाहत असतात, आणि विंचू दगडांच्या फटीत मुक्काम धरून असतात. या सर्वांना घराकडे ओढणाऱ्या गोष्टी तीनच आहेत: ओल, अन्न आणि आडोसा. पुढे जे सांगितले आहे, ते या तिन्हींचा एकेक करून बंदोबस्त कसा करावा याचेच विवरण आहे.

हद्द आणि आवार

फेरीचा आरंभ हद्दीपासून करावा. कोकणात आवाराची हद्द बहुधा गडग्याने राखलेली असते. चुना वा सिमेंट न घालता जांभ्या दगडांचे एकावर एक रचलेले हे कुंपण दिसावयास जितके शोभिवंत तितकेच आतून पोकळ असते, आणि त्या पोकळीत विंचू, घोणी, फुरशी, उंदीर अशी सारी मंडळी आपापली बिऱ्हाडे थाटून राहतात. गडगा पाडावा असे मुळीच नाही, कारण रानाकडील त्याच्या बाजूला राहणारे जीव आपल्या वाटेला जात नाहीत. परंतु घरापासून पाच-सहा हातांच्या आत जो गडगा असेल त्याच्या फटी चिखलमातीने अथवा चुन्याने लिंपून घ्याव्या, ढासळलेले दगड पुन्हा रचावे, आणि त्यावर माजलेली घाणेरी व वेली मुळापासून काढाव्या. घराच्या चहूकडे निदान तीन हात रुंदीची पट्टी गवत, पालापाचोळा आणि अडगळ यांपासून अगदी मोकळी ठेवावी. उघड्या, उजेडाच्या जागेतून सरपटत येणे कोणत्याही लपून राहणाऱ्या जीवाला आवडत नाही, आणि आलाच तर तो आपल्याला दिसतो.

सरपणाची रास ही आवारातील सर्वांत दुर्लक्षित जागा. ती घराच्या भिंतीला लागून रचण्याची वहिवाट सोयीची वाटते, पण वाळवीला त्यातून सरळ पूल मिळतो आणि विंचवाला आयते घर मिळते. रास भिंतीपासून दूर, जमिनीपासून वीतभर उंच अशा दगडांच्या वा लोखंडी मांडणीवर रचावी, आणि पावसाळ्यापूर्वी एकदा संपूर्ण उलथून पुन्हा लावावी. माझी आई राशीतले लाकूड कधीही नुसत्या हाताने उचलीत नसे. एका सकाळी तिने काठीने ओंडका उलटला, तेव्हा सुटलेल्या सालीखाली करंगळीएवढी तांबूस विंचवीण निश्चल बसली होती आणि तिच्या पाठीवर तांदळाच्या कण्यांसारखी पांढुरकी पिल्ले एकमेकांना बिलगून दाटीने चिकटलेली होती. "बघ हो, पण हात लावू नको," आई म्हणाली, "ही उगाच नाही आली. आपणच तिला जागा करून दिली." ती रास त्याच दिवशी परसाच्या टोकाला हलली.

लाल विंचवाचा दंश ही कोकणात क्षुल्लक बाब नव्हे. महाडच्या परिसरात रुग्णसेवा करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी या दंशाचा हृदयावर होणारा परिणाम बारकाईने अभ्यासला, त्यांची निरीक्षणे १९८२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली, आणि पुढे प्राझोसिन या औषधाच्या वेळेवर केलेल्या उपयोगाने असंख्य प्राण वाचले. म्हणून विंचू चावल्यावर, विशेषतः लहान मुलाला चावल्यावर, दरदरून घाम, उलटी किंवा हातापायांचा गारठा यांपैकी काहीही दिसले, तर मंत्रतंत्रात अथवा घरगुती लेपात वेळ न दवडता दवाखाना गाठावा. पावसाच्या तोंडावर पादत्राणे झटकून घालावी, दांडीवरचे कपडे झाडून घ्यावे आणि अंथरूण उलगडून पाहावे. या तीन सवयींना पैसा लागत नाही.

सापांविषयी एवढेच लक्षात ठेवावे की साप घरात येतो तो उंदराच्या आणि बेडकाच्या मागे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार विषारी साप आपल्याकडे माणसांना सर्वाधिक अपाय करतात. त्यांतील मण्यार रात्री फिरते आणि तिचा दंश कित्येकदा झोपलेल्या माणसाला जाणवतही नाही, म्हणून पावसाळ्यात जमिनीवर न निजता खाटेवर, मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचून निजावे. फिनेल, कार्बोलिक ॲसिड किंवा लसूण यांच्या वासाने साप दूर राहतो या समजुतीवर विसंबू नये. उंदरांची बिळे बुजविणे, मोरीच्या तोंडाला जाळी बसविणे, दाराच्या उंबऱ्याखालची फट बंद करणे आणि अंधारात विजेरीवाचून पाऊल न टाकणे हाच खरा उपाय आहे. दंश झालाच तर जखम कापू नये, चोखू नये, आवळून दोरी बांधू नये. तो अवयव हलणार नाही असा बांधून १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी आणि प्रतिसर्पविष मिळेल अशा रुग्णालयात जावे. साप मारणे हे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याविरुद्ध तर आहेच, शिवाय धामण मारून आपण उंदरांनाच अभय देतो.

जे वाचक काजूबागेत किंवा रानाच्या काठी राहतात, त्यांनी वसंतातच एका सूक्ष्म शत्रूची विशेष काळजी घ्यावयास हवी. माकडताप हा रोग १९५७ साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्याच्या क्यासनूर अरण्यात प्रथम ओळखला गेला; सिंधुदुर्गात २०१६ पासून दोडामार्ग आणि त्यानंतर बांदा परिसरात त्याचे रुग्ण आढळले. तो पसरविणारी गोचिडांची बारीक पिल्ले कोरड्या पाल्यात याच महिन्यांत सर्वाधिक असतात, आणि काजूबिया वेचण्याचा हंगामही नेमका हाच. रानातला पाचोळा गोठ्यात अंथरण्यासाठी घराजवळ आणून रचू नये, रानात जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे घालावे, परत येताच कपडे गरम पाण्यात टाकून स्नान करावे, आणि मेलेले माकड दिसल्यास त्याला स्पर्श न करता प्राथमिक आरोग्य केंद्रास वर्दी द्यावी.

साचणारे पाणी

आवाराच्या फेरीतच पाण्याची जागान् जागा पाहून घ्यावी. पाऊस नसताना पाणी कुठे साचेल हे पाहण्याची युक्ती अगदी साधी आहे: बादलीभर पाणी घेऊन निघावे आणि जिथे जिथे शंका येईल तिथे ओतून पाहावे. डेंग्यूचा प्रसार करणारा एडिस डास घाणेरड्या गटारापेक्षा स्वच्छ, थोडक्या, स्थिर पाण्याला अधिक पसंती देतो आणि दिवसा चावतो. त्याची अंडी पाण्याच्या कडेला चिकटून, पाणी आटल्यावरही, कित्येक महिने टिकतात. म्हणूनच हौद किंवा पिंप नुसते रिकामे करून भागत नाही. आतल्या कडा काथ्याने अथवा ब्रशने खरवडून घासल्या पाहिजेत, नाहीतर पहिल्या सरीबरोबर मागच्या वर्षीची अंडी यंदा उबतात.

नारळी-पोफळीच्या आवारात पाणी साचविणाऱ्या ज्या वस्तू असतात त्यांची यादी शहरातील माहितीपत्रकांत सहसा सापडत नाही, म्हणून ती इथे देतो. पोफळीची गळून पडलेली विरी होडीसारखी उताणी पडते आणि एका सरीत ओंजळभर पाणी धरते. करवंट्या, पिऊन टाकलेली शहाळी, फुटक्या कौलांचे तुकडे, गुरांच्या दोणी, माठाखालचे परळ, कुंड्यांखालच्या थाळ्या, जुने टायर आणि कौलांखालची पन्हळ ही त्याच मालिकेतील आहेत. विऱ्या गोळा करून वाळवाव्या किंवा खतात टाकाव्या, करवंट्या पालथ्या घालाव्या, पन्हळीतील पाचोळा काढून तिचा उतार तपासावा. उष्ण हवेत अंड्यापासून डास होण्यास सात ते दहा दिवस लागतात. आठवड्यातील एक ठराविक वार 'कोरडा दिवस' म्हणून पाळण्याचा आरोग्य खात्याचा आग्रह याच हिशेबावर आधारलेला आहे, आणि तो वार घरातील एखाद्या मुलाकडे सोपविला तर सहसा चुकत नाही.

विहिरीत आणि बागेच्या हौदात गप्पी मासे सोडावे. ते डासांच्या अळ्या खाऊन टाकतात. मात्र वाहत्या ओढ्यात वा नदीत ते सोडू नयेत, कारण तिथल्या मूळच्या माशांना त्यांचा उपद्रव होतो. शौचकूपाच्या वायुनळीच्या तोंडाला बारीक जाळी बांधण्याचे काम मात्र बहुतेक सुशिक्षित घरांतही राहून जाते. त्या एका नळीतून संध्याकाळी बाहेर पडणारे डास एकदा पाहिले म्हणजे हे काम पुन्हा कधी राहत नाही.

जोते, भिंत आणि लाकूड

आता घराजवळ यावे. वाळवीचे शरीर मऊ असते, उघड्या हवेत ते लवकर सुकते, म्हणून ती आपल्याबरोबर ओल घेऊन, मातीच्या नळीच्या आतून प्रवास करते. या एका वैगुण्यातच आपला इलाज दडलेला आहे. जोत्याचा वरचा किमान वीतभर भाग सर्व बाजूंनी उघडा दिसला पाहिजे. त्याला टेकलेली माती, फुलझाडांचे वाफे, विटांचे ढीग आणि पायऱ्यांखालचे लाकडी तुकडे काढून टाकावे. जुन्या घरांत लाकडी खांब जमिनीत न पुरता तळखड्यावर उभा करीत, त्यामागील शहाणपण हेच होते: दगडावरून चढणारी वाळवीची नळी डोळ्यांना दिसते, जमिनीतून खांबाच्या पोटात शिरणारी दिसत नाही. नव्या दुरुस्तीत हौसेने ते तळखडे सिमेंटच्या कोब्याखाली पुरून टाकले असतील, तर भोवतालचा कोबा फोडून खांबाचा पाया पुन्हा उघडा करणे हा वायफळ खर्च समजू नये.

भिंतीवर नळी आढळली की ती लगेच पुसून टाकण्याचा मोह होतो. तसे न करता मध्येच दोन बोटे रुंदीचा तुकडा खरवडावा, शेजारी तारीख लिहावी आणि तीन-चार दिवसांनी पाहावे. तुटलेला भाग ओल्या मातीने पुन्हा सांधलेला दिसला तर वाळवी नांदती आहे असे समजावे, तसाच राहिला तर वाट जुनी, सोडून दिलेली असण्याचा संभव अधिक. नांदती वाळवी असेल तर केवळ लाकडावर औषध मारून उपयोग होत नाही, जमिनीतील वाट बंद करावी लागते. जोत्याच्या बाजूने भोके पाडून औषध मुरविण्याचे हे काम भारतीय मानक ६३१३ मध्ये सविस्तर सांगितले आहे, आणि ते परवानाधारक माणसाकडूनच करून घ्यावे. करार करतेवेळी कोणते औषध, किती प्रमाणात, किती अंतरावर भोके आणि किती वर्षांची हमी या चार गोष्टी लेखी घ्याव्या. विहीर जवळ असेल तर ती गोष्ट आधीच सांगावी, कारण जांभ्यातून पाणी झपाट्याने झिरपते आणि त्याबरोबर औषधही.

छपराची पाहणी शाकारणीच्या वेळी होते. आमच्याकडे शाकारणीला येणारे एक वयोवृद्ध कसबी गृहस्थ कौले उतरविण्यापूर्वी प्रत्येक वाशावर कोयत्याच्या मुठीने टकटक करीत पुढे सरकत. "भाऊ, वासा वाजवून बघावा," ते एकदा मला म्हणाले, "खणखणीत बोलला तर तो तुमचा, बद्द बोलला तर तो वाळवीचा." त्या दिवशी त्यांनी बद्द ठरविलेल्या दोन वाशांना वरून केसाएवढीही खोट दिसत नव्हती, खाली उतरवून फोडले, तेव्हा आत कागदाच्या चळतीसारखे पापुद्रे तेवढे उरले होते. चौकटी, खिडक्या, जिन्याच्या बाजू, कपाटांच्या पाठी यांनाही हीच परीक्षा लावावी. नवे लाकूड बसविताना भिंतीत जाणाऱ्या टोकांना डांबर किंवा काजूच्या टरफलांचे तेल लावावे. हे तेल कातडी भाजते, म्हणून हातमोज्यांवाचून त्याला हात लावू नये. फुटकी कौले बदलावी, कारण एका फुटक्या कौलाखाली भिजत राहिलेला रीप पावसाळाभर किडीला पोसतो. छपरावर टेकणाऱ्या फांद्या छाटाव्या. उंदीर झाडावरून माळ्यावर येतात ते याच वाटेने.

उंदरांच्या वाटा बुजविताना आपल्या डोळ्यांना दिसणारी भोके पुरेशी नाहीत. अंगठा जाईल एवढ्या भोकातून उंदीर आणि करंगळी जाईल एवढ्यातून त्याचे पिल्लू सहज आत येते; त्याचे पुढचे दात जन्मभर वाढत असल्याने तो कुरतडल्यावाचून राहू शकत नाही, म्हणून कापडाचे बोळे किंवा नुसते लाकूड न वापरता लोखंडी जाळी आणि सिमेंट यांनीच भोके भरावी. पावसाळ्यात उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस हा ज्वर होतो, आणि पायाला जखम असताना चिखलात उतरणाऱ्यास त्याचा धोका अधिक असतो. चिचुंद्री मात्र किडे खाणारी आहे. तिला उंदरांच्या खात्यात जमा करू नये.

कोठी आणि आगोटीची बेगमी

कोकणात आगोटीची बेगमी म्हणजे चार महिन्यांचे धान्य, कडधान्य, मसाले, पापड, मीठ आणि आमसुले घरात भरून ठेवण्याचा सोहळाच असतो. पण जिथे बेगमी तिथे कीड, आणि ती बहुधा बाजारातून आपणच घरी आणतो. तांदळातला सोंडकिडा आपली अंडी दाण्याच्या आत घालतो, त्यामुळे वरून चाळून स्वच्छ दिसणाऱ्या धान्यातूनही महिन्याभराने किडे बाहेर पडतात. यावर वैशाखातील ऊन हे सर्वांत स्वस्त आणि निर्दोष औषध होय. धान्य पातळ पसरून दोन-तीन दिवस कडक ऊन द्यावे, अधूनमधून उलथावे, आणि भरण्यापूर्वी सावलीत पूर्ण निवू द्यावे. गरम धान्य डब्यात कोंडले तर त्यालाच घाम सुटतो आणि केलेले सारे श्रम वाया जातात. वाळले की नाही हे पाहण्यासाठी दाणा दाताखाली धरावा. कट् असा आवाज करून तुटला तर भरण्यायोग्य, दबला तर अजून एक ऊन हवे.

साठवणीची भांडी आधी घासून, उन्हात तापवून घ्यावी. कणगी असेल तर तिच्या फटी शेणमातीने लिंपून पुरत्या वाळवाव्या. मागील वर्षाचे उरलेले धान्य नव्यात कधीही मिसळू नये. भात असेल तर तुसासकटच ठेवावे, कारण ते तूसच दाण्याचे कवच आहे, आणि जरूरीपुरते भरडून आणावे. वाल, कुळीथ, मूग यांना चुलीची चाळलेली कोरडी राख चोळून ठेवण्याची पद्धत अजूनही भरवशाची आहे, आणि डाळींना तेलाचा हलका हात लावला तर भुंगेरे अंडी घालीत नाहीत. पिंपे भिंतीपासून वीतभर दूर आणि फळीवर ठेवावी, म्हणजे मागची भिंत दिसत राहते. माझी खरेदीखताची पेटी वीतभर पुढे असती तर हा लेख लिहिण्याची पाळी आली नसती.

एका गोष्टीविषयी मात्र कळकळीने सांगणे भाग आहे. धान्यात ठेवण्यासाठी ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या कोणी देऊ केल्या, तर त्या घरात आणू नका. हवेतील ओलीने त्यांतून फॉस्फिन हा प्राणघातक वायू निघतो, आणि बंद खोलीत निजलेली माणसे त्याने दगावतात. या गोळ्या सर्वसामान्य घरांसाठी नाहीतच. पाऱ्याच्या गोळ्यांनाही धान्यात थारा देऊ नये.

स्वयंपाकघरातील झुरळे आणि मुंग्या यांची बाब थोडक्यात आटोपते: रात्री खरकटे ठेवू नये, मोरी कोरडी करून झोपावे, ओट्याच्या मागील फटी भराव्या, आणि जरूर पडल्यास बोरिक पावडर कणकेत मिसळून मुलांच्या व पाळीव जनावरांच्या हाताबाहेरच्या कोपऱ्यांत गोळ्या ठेवाव्या.

परसातील झाडे

उकिरडा हा परसाचा प्राण आहे, परंतु नारळाचा गेंड्या भुंगा आपली अंडी त्यातच घालतो. नारळाची नवी पाने पंख्यासारखी त्रिकोणी कातरलेली दिसली, तर ओळखावे की भुंग्याची उत्पत्ती जवळच्याच खतात होत आहे. मृगापूर्वी सारे खत उपसून शेतात न्यावे, उपसताना सापडलेल्या जाड पांढऱ्या अळ्या वेचून नष्ट कराव्या, आणि खड्ड्यात मेटारायझियम ही उपयुक्त बुरशी मिसळावी. ती अळ्यांना रोग लावते आणि माणसाला अपाय करीत नाही. झाडाच्या कोवळ्या पानांच्या बेचक्यांत वाळू आणि निंबोळी पेंडीचे मिश्रण भरून ठेवल्यास भुंगा शिरण्यास धजत नाही. आंब्याखाली पडलेली, सडकी फळे रोजच्या रोज गोळा करून खोल पुरावी, कारण फळमाशीच्या अळ्या त्यांतून जमिनीत उतरून कोष करतात आणि पुढल्या पिढीची तरतूद होते. पहिल्या वळिवानंतर तिन्हीसांजेला कडुनिंब, बाभूळ, बोर अशा झाडांवर हुमणीचे भुंगेरे जमतात. फांद्या हालवून खाली पाडावे आणि साबणाच्या पाण्यात टाकावे. दोन संध्याकाळचे हे काम पुढील वर्षभर मुळे कुरतडणाऱ्या अळीचा उपद्रव पुष्कळ कमी करते.

औषधांचा विवेक

विष हा शेवटचा उपाय आहे, आणि तो योजताना १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली प्रत्येक डब्यावर छापावी लागणारी चौकोनातील खूण आधी पाहावी: लाल रंग अत्यंत विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. घराच्या आत लाल आणि पिवळ्या खुणेचे औषध येऊच देऊ नये. शेतावरून उरलेले औषध सरबताच्या वा पाण्याच्या बाटलीत भरून ठेवण्याच्या सवयीने किती मुले दगावली असतील याची मोजदाद नाही. औषध मूळ डब्यातच, कुलपात राहिले पाहिजे. आणि फवाऱ्याला हात घालण्यापूर्वी आपले फुकटचे पहारेकरी आठवावे: भिंतीवरची पाल, कोपऱ्यातला कोळी, हौदावरचा चतुर, आडव्या वाशावर दिवस काढणारे वटवाघूळ, आणि गव्हाणी घुबडाची जोडी, जी उंदरांवरच आपली पिल्ले वाढविते. आंधळी फवारणी या सर्वांना आधी संपविते. किडी लवकर परततात, पहारेकरी परतत नाहीत.

शहरातील सदनिकेत राहणाऱ्या वाचकांनी हे सारे आपल्यासाठी नाही असे समजू नये. त्यांची चतुःसीमा म्हणजे गच्चीवरच्या टाकीचे झाकण, दोन इमारतींमधील कचरा साठलेला बोळ, वातानुकूलन यंत्राखालची थाळी, नळवाहिन्या जिथून भिंतीत शिरतात ती भोके आणि तळमजल्यावरील लाकडी कपाटांच्या पाठी. ही फेरी सोसायटीच्या चार-पाच सभासदांनी मिळून मे महिन्यात एकदा घातली, तर निम्मे काम त्याच दिवशी होते.

फेरीची वही

कामांचा क्रम असा ठेवावा: होळी ते पाडवा या काळात आवार, गडगा आणि सरपण, चैत्रात जोते, भिंती, खांब, वैशाखात शाकारणी, धान्य आणि उकिरडा, आणि ज्येष्ठाच्या आरंभी पाण्याच्या जागांची फेरतपासणी. प्रत्येक फेरीला एक साधी वही हाती असावी. तिच्यात आपल्या जागेची चतुःसीमा खतात लिहितात तशीच लिहावी, आणि प्रत्येक दिशेखाली काय आढळले, कोणत्या तारखेस, काय केले, याची नोंद करावी. पहिल्या वर्षी ही नोंद निरर्थक वाटते. तिसऱ्या वर्षी तीच सांगते की ओल नेहमी उत्तरेच्या भिंतीत येते, किंवा उंदीर दर खेपेस गोठ्याच्याच बाजूने शिरतात, आणि मग सारे घर धुंडाळण्याची गरज राहत नाही.

गेल्या पावसाळ्यात पहिली जोरदार सर पडून गेली आणि तिन्हीसांजेला ओटीवरच्या दिव्याभोवती वाळवीची पाखरे जमली. पूर्वी मी दिवा मालवून स्वस्थ बसलो असतो; त्या दिवशी विजेरी घेऊन ती कुठून निघतात हे पाहावयास गेलो. पाखरे घरातल्या भिंतीतून निघत असतील तर वसाहत घरात आहे, बाहेरून येत असतील तर ती केवळ दिव्याची पाहुणी आहेत. माजघरात, कोठीत, जिथे ती पेटी असे त्या भिंतीपाशी, कुठेही एक पंखदेखील नव्हता. पाखरे परसाच्या टोकाकडील वारुळातून, गडग्यापलीकडून, धुरासारखी वर येत होती. घरात येऊन मी वही उघडली. आजोबांच्या खताची नक्कल निबंधकाच्या कार्यालयातून मिळविली तेव्हा तीतली चतुःसीमा मी वहीच्या पहिल्या पानावर उतरून घेतली होती, तिच्यातील 'पश्चिमेस' या शब्दाखाली तारीख घातली आणि लिहिले: पाखरे हद्दीबाहेरून, घर कोरडे.